करार हातात आला तरी १ तारखेपर्यंत आगेंटूरचे (सरकारी रोजगार कार्यालयाचे) नियम लागूच असतात (जर्मनीतल्या मराठी मंडळींसाठी)

जुनी नोकरी ३१ जुलैला संपतेय, नव्या कंपनीचा करार सही होऊन आलाय आणि रुजू व्हायचंय १ ऑक्टोबरला. मधल्या दोन महिन्यांचं काय, हा प्रश्न इथल्या आपल्या लोकांना वारंवार पडतो. बरेच जण दोनपैकी एक चूक करतात. काही जण संकोचापोटी बेरोजगारी भत्त्यासाठी अर्जच करत नाहीत. "दोन महिन्यांसाठी सरकारकडे कशाला हात पसरायचे?" असं म्हणून साठवलेल्या पैशांवर दिवस काढतात. काही जण अर्ज करतात, पण करार झाला म्हणजे आपण मोकळे झालो असं समजतात आणि आलेली पत्रं उघडूनही बघत नाहीत. दोन्हींत नुकसान आपलंच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी संकोचाचं बोलू. आर्बाइट्सलोझेनगेल्ड, म्हणजे बेरोजगारी भत्ता, हा विमा आहे. तुमच्या पगारपत्रकावर दर महिन्याला एकूण पगाराच्या १.३ टक्के कापले जातात आणि तेवढेच कंपनी भरते. ५,००० युरो पगार असेल तर तुमच्या खिशातून महिन्याला ६५ युरो जातात. गेल्या ३० महिन्यांत किमान १२ महिने हा हप्ता भरला असेल तर हक्क तयार होतो. (भारतातली नोकरी यात धरत नाहीत, त्यामुळे येऊन वर्ष न झालेल्यांना सहसा हा हक्क मिळत नाही.) आणि ज्या भीतीपोटी आपले लोक सर्वात जास्त मागे राहतात ती म्हणजे व्हिसाची. हे पैसे हप्त्यांवर मिळत असल्याने परदेशी नागरिकांच्या कायद्यात ते 'सरकारी मदत' या सदरात मोजत नाहीत. जॉबसेंटरकडून गरजूंना मिळणारी सरकारी मदत वेगळी आणि आगेंटूर फ्युअर आर्बाइटकडून मिळणारा हा विमा वेगळा. या दोन कार्यालयांची नावं एका दमात घेतली जातात आणि तिथेच गैरसमजाला सुरुवात होते.

आता नोंदणी. नोंदण्या दोन आहेत आणि दोन्ही कराव्या लागतात. पहिली 'आर्बाइट्सझूखेंड', म्हणजे 'मी नोकरी शोधतोय' असं कळवणं. ती नोकरी संपण्याच्या तीन महिने आधी करायची. नोकरी संपणार हे तुम्हाला तीन महिन्यांपेक्षा उशिरा कळलं, तर कळल्यापासून तीन दिवसांत. उशीर केला की एक आठवड्याचे पैसे बुडतात. दुसरी 'आर्बाइट्सलोस', म्हणजे 'मी आता बेरोजगार आहे'. ती जास्तीत जास्त तीन महिने आधीपासून करता येते, पण बेरोजगारीच्या पहिल्या दिवशी तरी झालेली हवीच. पैसे या दुसऱ्या नोंदणीच्या दिवसापासून सुरू होतात, मागच्या तारखेपासून मिळत नाहीत. १ ऑगस्टऐवजी ५ ऑगस्टला जाग आली तर चार दिवस गेले ते गेलेच. पहिली नोंदणी केली म्हणजे दुसरी आपोआप झाली असं समजणारे दर महिन्याला भेटतात.

दुसरी नोंदणी २०२२ पासून ऑनलाइन करता येते, पण तिथे ओळख पटवावी लागते. आपल्या प्लास्टिकच्या निवास परवाना कार्डात ही सोय असते. कार्डासोबत पिनचं पत्र आलेलं असतं आणि त्यातला पाच आकडी पिन आधी बदलून सहा आकडी करावा लागतो. बहुतेकांचं ते पत्र कधीच हरवलेलं असतं आणि हे नेमकं शेवटच्या दिवशी रात्री कळतं. म्हणून आठवडाभर आधी मोबाइलवर कार्ड टेकवून चालतंय का ते बघा. चालत नसेल तर सरळ कार्यालयात जा, पासपोर्ट आणि कार्ड घेऊन.

आता मुख्य मुद्दा. या विम्याच्या कायद्यात बेरोजगार कोणाला म्हणायचं याच्या तीन अटी आहेत: हातात काम नसणं, स्वतः काम शोधत असणं आणि काम मिळालं तर ते घ्यायला मोकळं असणं. 'करार झालेल्यांना दुसरी आणि तिसरी अट लागू नाही' अशी सूट त्यात लिहिलेली नाही. कारणही आहे. करारात वेगळं कलम नसेल तर कंपनी रुजू होण्याआधीसुद्धा करार मोडू शकते आणि प्रोबेशनमध्ये नोटीस फक्त दोन आठवड्यांची असते. आगेंटूरच्या लेखी तुमची बेरोजगारी पहिल्या दिवशी कामावर गेल्यावरच संपते.

प्रत्यक्षात काय होतं? तुमचा फेरमिट्लर, म्हणजे तुमची फाइल सांभाळणारा अधिकारी, करार बघतो, रुजू होण्याची तारीख सिस्टिममध्ये टाकतो आणि सहसा पुढे फार पाठी लागत नाही. पण 'सहसा' या शब्दावर दोन महिन्यांचे पैसे टांगून ठेवू नका. पहिल्या भेटीत तुमच्याशी एक लेखी करारनामा होतो, त्याला आइनग्लीडरुंग्सफेरआइनबारुंग म्हणतात. किती अर्ज करायचे, कुठे करायचे, पुरावा कसा आणि कधी दाखवायचा हे त्यात असतं. बऱ्याचदा हा कागद नवी नोकरी मिळण्याआधी झालेला असतो. आठवड्याला दोन अर्ज असं त्यात लिहिलं असेल, तर नवी नोकरी मिळाल्यावरही तो कागद बदलेपर्यंत तेच बंधन असतं. ते पाळलं नाही आणि पुरावा मागितला गेला, तर दोन आठवड्यांची श्पेरत्साइट लागते, म्हणजे तेवढे दिवस पैसे बंद.

म्हणून नव्या करारावर सही झाली की त्याच आठवड्यात त्याची प्रत ऑनलाइन खात्यातून पाठवा आणि सोबत दोन ओळींचा संदेश लिहा: अमुक तारखेपासून रुजू होतोय, तोपर्यंत माझ्याकडून कोणते प्रयत्न अपेक्षित आहेत ते कृपया लेखी कळवा आणि करारनाम्यात तसा बदल करा. फोनवर "ठीक आहे, आता काही करू नका" असं ऐकलं तरी तेच त्यांच्याकडून खात्यातल्या संदेशात लिहून घ्या. अधिकारी बदलतात, रजेवर जातात, आणि नव्या माणसाला फाइलमध्ये जे दिसतं तेवढंच खरं असतं. माझं स्पष्ट मत आहे की ज्याचा करार झालाय आणि तारीख दोन-तीन महिन्यांच्या आत आहे, त्याच्यासाठी कायद्यातच साधं कलम हवं. रुजू होणार हे माहीत असताना कायमच्या नोकरीसाठी अर्ज पाठवणं म्हणजे समोरच्या कंपनीचाही वेळ घालवणं. पण ते कलम येईपर्यंत आपलं संरक्षण आपल्या हातातल्या कागदातच आहे.

लेखी उत्तर येईपर्यंत शोध चालू ठेवा आणि तो प्रामाणिक ठेवा. दोन महिन्यांच्या मुदतीची कामं, लायआर्बाइटच्या, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या कंपन्यांमधली कामं शोधा, आगेंटूरच्या जॉब पोर्टलवर मुदतीच्या नोकऱ्यांचा फिल्टर लावा. अर्जात रुजू होण्याची तारीख लपवू नका. एका साध्या तक्त्यात तारीख, कंपनी, पद, अर्ज कसा पाठवला आणि उत्तर काय आलं हे पाच रकाने भरा, अर्ज पोचल्याचे मेल एका फोल्डरमध्ये ठेवा. आणि नव्या कंपनीलाही विचारा, १ ऑक्टोबरऐवजी १ सप्टेंबर किंवा १५ सप्टेंबर जमेल का? पुष्कळदा तारीख केवळ सवयीने टाकलेली असते.

आता आगेंटूरकडून येणारी पत्रं. एखाद्या नोकरीचा प्रस्ताव आला तर पत्राच्या शेवटी जा. तिथे 'रेख्ट्सफोल्गनबेलेरुंग' असा मथळा आणि त्याखाली बारीक अक्षरांतला परिच्छेद असेल, तर तो प्रस्ताव बंधनकारक आहे. अर्ज केला नाही तर पहिल्या वेळी तीन आठवडे, दुसऱ्या वेळी सहा, त्यानंतर बारा आठवडे पैसे बंद. तो परिच्छेद नसेल तर ती नुसती माहिती आहे. काम मुदतीचं आहे एवढ्या कारणावरून नाकारता येत नाही. पण पहिल्या तीन महिन्यांत पूर्वीच्या पगारापेक्षा २० टक्क्यांहून जास्त घट होईल अशा पगाराचं काम घ्यायची सक्ती नाही, आणि पूर्णवेळ कामासाठी जाऊन-येऊन अडीच तासांपेक्षा जास्त प्रवासाचीही नाही. भेटीचं बोलावणं आलं आणि गेला नाहीत तर एक आठवडा. नव्या कंपनीची कागदपत्रं करायची होती, हे कारण आधी कळवून वेळ बदलून घेतली तरच चालतं.

नव्या कंपनीने मध्येच "एक दिवस ट्रेनिंगला या" म्हटलं तर तेही आधी कळवा. आठवड्याला १५ तासांपेक्षा कमी काम करता येतं आणि महिन्याला निव्वळ १६५ युरोपर्यंतची कमाई कापली जात नाही. १५ तास झाले की त्या आठवड्यात तुम्ही बेरोजगार उरत नाही.

गणपतीला घरी जाण्याचा विषय इथेच येतो. नव्या नोकरीत पहिले काही महिने मोठी रजा मिळणार नाही, म्हणून याच काळात पुणे-मुंबई करून यावं असं सगळ्यांनाच वाटतं आणि ते अगदी साहजिक आहे. पण न सांगता जाऊ नका. वर्षाला तीन आठवड्यांपर्यंत पैसे चालू ठेवून बाहेर राहता येतं, मात्र निघण्याआधी परवानगी हवी. बेरोजगारीच्या पहिल्या तीन महिन्यांत ती सहजासहजी देत नाहीत. इथे नवा करार उपयोगी पडतो: नोकरी ठरलेली असल्याने तुम्ही नसल्याने काही अडत नाही, हे सांगता येतं. तिकीट काढण्याआधी विचारा. नकार आला तर तेवढ्या दिवसांसाठी नोंदणी थांबवून जाता येतं. पैसे थांबतात, पण हक्काचे उरलेले दिवस शिल्लक राहतात. मात्र आरोग्य विमाही आगेंटूर भरत असते, त्यामुळे त्या दिवसांचं काय हे क्रांकनकासेला, म्हणजे आपल्या आरोग्य विमा संस्थेला, आधी विचारून घ्या. खंड सहा आठवड्यांपेक्षा जास्त झाला तर आर्बाइट्सलोस नोंदणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

ज्यांनी स्वतः राजीनामा दिला त्यांच्यासाठी चित्र वेगळं आहे. १ ऑक्टोबरची नोकरी हातात आहे म्हणून ३१ जुलैलाच जुनी सोडली, तर मधला खंड तुम्ही स्वतः तयार केला असं धरलं जातं आणि साधारणपणे १२ आठवड्यांची श्पेरत्साइट लागते, म्हणजे दोन महिन्यांत हाती काहीच नाही. नवरा एका शहरात, बायको दुसऱ्या शहरात आणि एकत्र राहण्यासाठी नोकरी सोडली, हे सबळ कारण मानलं जातं, पण नव्या शहरात आधीपासून अर्ज केल्याचे पुरावे जवळ ठेवा. न वापरलेल्या रजेचे पैसे जुन्या कंपनीने दिले असतील, तर तितक्या दिवसांनी विमा उशिरा सुरू होतो.

ब्लू कार्ड किंवा वर्क परमिटवाल्यांनी आणखी दोन गोष्टी करायच्या. नोकरी मुदतीआधी संपतेय हे कळल्यापासून दोन आठवड्यांत परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला, आउसलेंडरबेह्यॉर्डेला, कळवा. ते काम कंपनी किंवा आगेंटूर तुमच्या वतीने करत नाही. दुसरं, कार्डासोबतचा घडीचा कागद वाचा. 'फक्त अमुक कंपनीत काम करण्यास परवानगी' असं त्यावर लिहिलं असेल, तर आगेंटूर विचारू शकते की मग तुम्ही दुसरं काम घ्यायला मोकळे कसे? नवा कागद मिळवण्यासाठी केलेल्या अर्जाची पोच अशा वेळी सोबत हवी. पुष्कळांचा दोन महिन्यांचा खंड मुळात याच परवानगीची वाट बघण्यात जातो.

पैसे महिन्याच्या शेवटी येतात आणि प्रत्येक महिना ३० दिवसांचा धरतात. ऑगस्टचे ऑगस्टअखेर, सप्टेंबरचे सप्टेंबरअखेर, आणि नव्या कंपनीचा पहिला पगार ऑक्टोबरअखेर. जुन्या कंपनीने आर्बाइट्सबेशायनिगुंग, म्हणजे नोकरीचा आणि पगाराचा दाखला, वेळेवर पाठवला नाही तर पहिलाच हप्ता अडकतो. शेवटच्या आठवड्यात एचआरला त्याची लेखी आठवण करा. या पैशांवर कर नाही, पण बाकीच्या उत्पन्नावरचा कराचा दर त्यामुळे वाढतो. वर्षाला ४१० युरोंपेक्षा जास्त मिळाले तर कर विवरणपत्र भरणं बंधनकारक होतं.

आणि रुजू व्हायची तारीख पुढे गेली, समजा १ ऑक्टोबरची १५ ऑक्टोबर झाली, तर त्याच दिवशी कळवा. आधी दिलेल्या तारखेला सिस्टिम तुमची नोंद बंद करते आणि मधल्या दिवसांचे पैसे व आरोग्य विमा दोन्ही तुटतात. तारीख अलीकडे आली तरी तसंच: नवी कंपनी तुमची सामाजिक विम्यात नोंद करते तेव्हा एकाच दिवसाचे पगार आणि भत्ता दोन्ही घेतलेले दिसतात, आणि पैसे परत मागणारं पत्र येतं.