मालगाडी बंद केली की मेमू वेळेवर?

पाचोरा–जळगाव मेमूने (विजेवरच्या कमी पल्ल्याच्या पॅसेंजरने) अप-डाउन करणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: मालगाडी आणि प्रवासी गाडी एकाच रुळावर फक्त आपल्याकडेच चालतात, माणसांच्या आधी कोळसा सोडतात, दिवसा मालगाड्या बंद केल्या की सगळं सुरळीत होईल. मीही पासवालाच. शिरसोलीला रखडून मीही शिव्या घातल्यात. तरी यातलं बरंचसं चूक आहे.

'फक्त आपल्याकडे' हे तर साफ खोटं. स्वित्झर्लंडच्या वक्तशीरपणाचं आपण कौतुक करतो, तिथेही माल आणि माणसं एकाच रुळावरून जातात. शिकागोहून अरोराला जाणारी लोकल तर बीएनएसएफ या मालवाहू कंपनीच्याच रुळांवर धावते. फरक एवढाच, की स्विस मालगाडीलाही वेळ ठरलेली असते. आपली बहुतेक वेळा भरली की निघते.

'कोळसा आधी'? प्राधान्यक्रमात पॅसेंजर मालगाडीच्या वरच आहे. आपल्याला लूपला (स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर) टाकून पुढे काढतात ती बरेचदा एक्स्प्रेस असते, पण तिला कोण बोलणार! मालगाडी पुढे जाते तेव्हा कारण साधं असतं. ५८ वाघिणींचा रेक इंजिनासह साडेसहाशे मीटरच्या आसपास भरतो, लूपमध्ये जेमतेम मावतो. दोन रेक जोडले की सव्वा किलोमीटरच्या वर. नेहमीच्या लूपमध्ये ते घुसतच नाहीत. मग बाजूला कोण होणार? आपली मेमू. शिवाय भरलेला रेक एकदा थांबवला की पुन्हा वेग पकडेपर्यंत मागच्या सगळ्या गाड्या खोळंबतात.

दिवसा बंद करायच्या म्हणता, तर भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राचा कोळसा कशाने आणायचा? एका रेकचे ३,५०० टन धरले, तरी २५ टनांचे १४० ट्रक. तेही आपण अजून 'सहा नंबर' म्हणतो त्या हायवेवर. आणि खरिपात 'युरियाचा रेक लागला का?' म्हणून फोन फिरवणारेही आपणच ना भाऊ?

रूळ कमी पडतात, हे मात्र खरं. सुरतेची लाइन जळगावला मुंबईच्या लाइनला मिळते, पुढे भुसावळपर्यंतच्या २४ किलोमीटरवर दोन्हींचा भार. म्हणून तिथे तिसरी-चौथी लाइन टाकली. भुसावळला डीआरएमना (विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना) निवेदन द्यायचंय म्हणे. त्यातलं 'मालगाड्या बंद करा' खोडा आणि 'मनमाड–जळगाव तिसरी लाइन पूर्ण करा, लूप लांब करा' एवढं लिहा. सही मी करतो.