त्या जाळीच्या कपाटाला पांढरा रंग मारू नका

मी नीट करून पॉलिश केलेल्या जुन्या जाळीच्या कपाटाचा परवा फोटो टाकला तेव्हापासून इनबॉक्समध्ये तीनच प्रश्न येताहेत, कुठून घेतलं, केवढ्याला पडलं आणि आमच्याकडेपण असं एक पडलंय त्याला पांढरा चॉक पेंट (खडूसारखा, चमक नसलेला रंग) मारला तर कसं दिसेल. तिसरा प्रश्न वाचला की पोटात खड्डा पडतो, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, लांबलंय खूप पण वाचा.

कोथरूडला आमच्या मागच्या गल्लीतली सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. पुण्यात सध्या दर दोन गल्ल्यांआड हेच चाललंय. बिल्डरचं लेटर आलं की महिन्याभरात चाळीस वर्षांचा संसार खाली पार्किंगमध्ये येतो आणि भंगारवाला वजनकाटा घेऊन उभा असतो. तिथे दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं हे जाळीचं कपाट बाहेर ठेवलेलं दिसलं. आपल्यापैकी बहुतेकांच्या आजीच्या स्वयंपाकघरात असायचं ना तसंच, वरती दोन जाळीच्या दारांच्या आत दूध, दही, साय, विरजण, खाली एक बंद खण, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. फ्रीज आला आणि ही कपाटं गॅलरीत गेली, मग माळ्यावर, मग भंगारात. भंगारवाला त्याचे ३०० देत होता. मी काकूंना १२०० दिले, त्या नकोच म्हणत होत्या, "अगं ते जुनं झालंय, दारसुद्धा नीट लागत नाही, जरा उचलून लावावं लागतं." मी म्हटलं, काकू, लाकूड सागवान आहे. तर म्हणाल्या, "असणारच, पानशेतच्या पुरातून निघालंय ते."

म्हणजे १२ जुलै १९६१. तेव्हा त्यांचं सासर शनिवार पेठेत नदीच्या बाजूला, भाड्याची दोन खोल्यांची जागा. पाणी ओसरल्यावर त्यांच्या सासऱ्यांनी चिखलातून जे काही धुऊन पुसून परत वापरात घेतलं त्यात हे कपाट होतं. मी नंतर रंग काढायला घेतला तेव्हा मागच्या फळीच्या खाचेत बारीक गाळ निघाला, वाळून दगड झालेला. पुराचाच होता असं मी छातीठोक सांगणार नाही, पण तो मी पुडीत बांधून ठेवलाय.

आता दुसरी गोष्ट. आम्ही लग्नानंतर घेतलेलं टीव्ही युनिट, ऑनलाइन, दिसायला एकदम देखणं, १४००० रुपयांचं. दोन वर्षांपूर्वी वॉशिंग मशीनचा पाइप निसटला आणि रात्रभर हॉलमध्ये बोटभर पाणी साचलं. सकाळी युनिटचा खालचा भाग चहात बुडवलेल्या पावासारखा फुगलेला. सुताराला बोलावलं, त्याने बोटाने दाबून बघितलं, भुसा खाली पडला, म्हणाला ताई हे दुरुस्त होत नसतं, हा दाबलेला भुसाच आहे, खिळा मारला तरी धरणार नाही. एक पुरातून टिकलेलं कपाट आणि एक रात्रभराच्या पाण्यात गेलेलं युनिट. माझं मत तिथे पक्कं झालं आणि म्हणून मी आता घरात नवीन लाकडी वस्तू आणतच नाही.

लोकांना वाटतं जुनं घेणं म्हणजे पैसे वाचवणं. वाचतात, पण माझ्यासाठी मुद्दा तो नाहीये. जुनी वस्तू अशा माणसाने बनवलेली असते ज्याला माहीत होतं की हिला कोणीतरी पुढे उघडणार आहे, दुरुस्त करणार आहे. सांधे कुसू बसवून, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत घट्ट घालून केलेले, जाळी पट्टीखाली दाबून वरून बारीक चुका मारलेल्या, म्हणजे पट्टी काढली की जाळी बदलता येते. या कपाटाचे चारही पाय खालून दोन इंच कुजले होते, इतकी वर्षं वाटीतल्या पाण्यात उभे होते बिचारे. टिंबर मार्केटमधले एक सुतारमामा आहेत, त्यांनी कुजलेला तुकडा कापून खाली जुन्याच सागवानाचा तुकडा कुसूने जोडून दिला. आता बोट फिरवलं तरच सांधा लागतो, डोळ्याला दिसत नाही. मामांनी १८०० घेतले आणि मी एक रुपया कमी करा म्हटलं नाही. खरंच सांगते, आपण मॉलमध्ये निमूटपणे बिल देतो आणि पटाशीने तीन तास बसून काम करणाऱ्या माणसाशी शंभर रुपयांसाठी हुज्जत घालतो, हे मला अजिबात पटत नाही. वेताच्या खुर्च्या विणणारे, कल्हई करणारे, असे हातात कसब असलेले लोक आपण असेच घालवत आलो आणि आता फोन फिरवत विचारतो कोणी वेत विणणारा माहितेय का.

रंगाबद्दल सांगते. वर क्रीम ऑइलपेंट, त्याखाली पोपटी, त्याखाली आकाशी, सगळ्यात खाली चॉकलेटी. प्रत्येक दिवाळीला नाही पण दर लग्नाकार्याला एक हात बसला असावा. पेंट रिमूव्हर लावला की पाच-दहा मिनिटात रंगावर सुरकुत्या येतात आणि पत्र्याच्या पट्टीने ओढलं की साय निघावी तसा निघतो. पोपटी निघाला तेव्हा काकूंना फोटो पाठवला, त्यांचा लगेच फोन, "हा माझ्या लग्नातला!" चॉकलेटी थर गेल्यावर जे लाकूड दिसलं ना, मधासारखं, रेषा अगदी वाहत्या, मी तिथेच गच्चीवर बसले थोडा वेळ. अशा लाकडावर मी परत पांढरा रंग चढवू? तो इन्स्टावरचा पांढरा, कडा घासलेला लुक परदेशातल्या पाइनच्या फर्निचरला शोभत असेल, फिक्या लाकडाला रंग लागतो. प्लायवुडचं, पाइनचं, लोखंडी काहीही असेल तर बिनधास्त रंगवा, मी स्वतः लोखंडी ट्रंक गडद निळी करून कॉफी टेबल केलीये आणि शिवणयंत्राच्या बिडाच्या स्टँडवर कडप्पा टाकून टेबल केलंय. पण सागवान किंवा शिसवी निघालं तर कृपा करून त्याचं अंग झाकू नका.

आणि एक महत्त्वाचं, जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत असावं हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या थरांमध्ये काय असेल सांगता येत नाही आणि पॉलिश पेपर मारला की ते सगळं धूळ होऊन नाकात जातं. लहान मुलं असतील तर अजूनच जपा. रिमूव्हरने ओला रंग काढा, गच्चीवर किंवा उघड्या गॅलरीत, हातमोजे आणि मास्क घालून, आणि खरवड कागदात गुंडाळून टाका, झाडांच्या कुंडीत नाही. सगळा रंग गेला की मग पेपर, आधी ८० नंबरचा खरखरीत, मग १२०, २२०, शेवटी ३२० चा बारीक, आणि नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आडवा हात मारला की ते ओरखडे पॉलिशखाली जन्मभर दिसतात.

पॉलिश मात्र माझं पहिल्यांदा वाया गेलं. चपडा लाख (लाखेचे पातळ पापुद्रे) स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून, गाळून, मलमलच्या फडक्यात कापसाचा बोळा घेऊन हात मारायचे ही जुनी पद्धत, मला तीच करायची होती. पण मला धीर नव्हता, गणपतीच्या आधी कपाट तयार हवं होतं, आणि मी ऑगस्टमध्ये भर पावसात पॉलिशला बसले. दुसऱ्या दिवशी सगळ्यावर दुधासारखा पांढरट पापुद्रा. रडूच आलं मला. मामांना फोन केला तर म्हणाले, "पावसाळ्यात पॉलिश धरायचं नसतं ताई, हवेतलं पाणी पकडतं ते, दिवाळीनंतर या." नोव्हेंबरमध्ये नुसत्या स्पिरिटचा बोळा फिरवून जुना थर उतरवला आणि कोरड्या हवेत नवीन चौदा हात दिले, रोज दोन. आता चमकतं पण काचेसारखं नाही, आतून उजेड आल्यासारखं. फक्त लाखेवर गरम चहाचा कप ठेवला की पांढरी चकती उठते, त्यामुळे जेवणाच्या टेबलाला हे करू नका, तिथे पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशच बरं.

एकूण हिशोब सांगते कारण सगळे विचारताहेत. कपाट १२००, टेम्पो ६००, सुतार १८००, आणि जाळी, रिमूव्हर, पेपर, चपडा, स्पिरिट मिळून २२००. टोटल ५८००. पितळी मुठी यात धरलेल्या नाहीत, त्या आधीच जुन्या बाजारातून आणून ठेवल्या होत्या.

जुना बाजार म्हणजे आपला मंगळवार पेठेतला, रविवारी आणि बुधवारी भरतो तो. तिथे जायचं तर सकाळी जा, घाई करू नका आणि ठरवून एखादी वस्तू शोधायला जाऊ नका, मिळत नाही. मी घेताना काय बघते तर आधी वजन, मग फळीची कापलेली कड. खरं लाकूड असेल तर वरच्या रेषा कडेवरून खाली उतरताना दिसतात, नुसता पापुद्रा चिकटवलेला असेल तर कडेला थर दिसतात किंवा पट्टी मारलेली असते. मग वस्तू उचलून खाली बघायचं, पिठासारखी भुकटी पडलीये का आणि टाचणीएवढी भोकं आहेत का. असली तर आत किडा जिवंत असू शकतो, सिरिंजने भोकाभोकात औषध सोडून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून काही दिवस बाजूला ठेवल्याशिवाय घरात घेऊ नका. आणि गादीचं काही, सोफा, दिवाणाची गादी, कितीही स्वस्त असो, तसंच्या तसं आणायचं नाही. ढेकूण एकदा घरात आला की जात नाही. सांगाडा घ्या, गादी नवीन भरून घ्या.

आईचा विरोध होता, अजूनही थोडा आहे. कोणाकोणाच्या घरातलं, कोण कशात गेलेलं, कशाला आणतेस. मी तिच्याशी वाद घालत नाही. मी फक्त विचारलं की आपल्याकडचं घंगाळ, आजीचा पाट, तुझ्या सासूबाईंची पळी-पंचपात्री हे सगळं कोणाचं होतं मग? ती म्हणाली, "ते आपल्या माणसांचं." खरंय तिचं. म्हणूनच मी आता शक्यतो वस्तू ज्याची होती त्या माणसाशी बोलून घेते, कुठून आली, कोणी वापरली, काय ठेवायचे त्यात. मग ती परकी राहत नाही.

गेल्या रविवारी काकू कपाट बघायला आल्या. सध्या त्या सिंहगड रोडला भाड्याने राहतात, लिफ्ट नाही, तरी मी येते म्हणाल्या. कपाटात आता माझी पुस्तकं आहेत आणि वरच्या फळीवर काचेच्या बरण्या. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेला दुधाचा हिशोब मी तसाच ठेवलाय, त्यावर पेपर मारला नाही, नुसता लाखेचा एक पातळ हात दिला. त्यांनी तो वाचला, सासूबाईंचं अक्षर म्हणाल्या. मग दार लावताना त्यांनी ते हलकेच वर उचललं आणि मग ढकललं. बिजागऱ्या नवीन आहेत, आता उचलावं लागत नाही. मी काही बोलले नाही.

हो, काकू सध्या राहतात त्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्यांकडे एक सागवानी दिवाण आहे, सहा बाय तीन, एक पाय हलतो, बाकी ठणठणीत. पुढच्या शनिवारपर्यंत जागा रिकामी करायची आहे त्यांना. कोणाला हवा असेल तर मला मेसेज करा, टेम्पो तुमचा तुम्ही आणा, मामांचा नंबर मी देते. फक्त रंगवणार नाही एवढं कबूल करा.