लॉरिन हिल ‘संपली’ म्हणणाऱ्यांना

अमेरिकन गायिका-रॅपर लॉरिन हिलचं नाव निघालं की हिप-हॉप ऐकणाऱ्यांच्या गप्पांत एक ठरलेला निकाल वाचून दाखवला जातो. तो साधारण असा: ‘बाईने एकच अल्बम केला. तोही दुसऱ्यांनी लिहून दिलेला. गोऱ्यांचा द्वेष करायची. पुढे डोकं फिरलं, कर बुडवला, तुरुंगात गेली, संपली.’ यातलं थोडं खरं आहे आणि त्या थोड्याच्या जोरावर बाकीचं खपून जातं. म्हणून एकेक आरोप घेऊ.

आधी द्वेषाचा. ‘गोऱ्यांनी माझे अल्बम विकत घेण्यापेक्षा माझी मुलं उपाशी राहिलेली परवडली,’ असं ती एमटीव्हीवर म्हणाली, असं सांगतात. हे आलं कुठून? १९९६ मध्ये हॉवर्ड स्टर्नच्या रेडिओ कार्यक्रमात एका श्रोत्याने फोन करून ‘मी हे टीव्हीवर पाहिलं’ असं सांगितलं, एवढाच त्याचा उगम. तशी मुलाखत आजवर कुणाला दाखवता आलेली नाही आणि हिलने ते साफ नाकारलं. शिवाय तिचा पहिला मुलगा झायन जन्मला ऑगस्ट १९९७ मध्ये. १९९६ मध्ये तिला मूलच नव्हतं.

‘दुसऱ्यांनी लिहून दिला’ हा आरोप मात्र असा एका परिच्छेदात उडवून लावण्यासारखा नाही. तो अल्बम म्हणजे ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’. २५ ऑगस्ट १९९८ ला आला. पहिल्याच आठवड्यात ४ लाख २२ हजारांवर प्रती खपल्या. वेष्टनावर लेखन, निर्मिती, संयोजन आणि गायन या सगळ्यांपुढे एकच नाव होतं: लॉरिन हिल. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘न्यू आर्क’ या चार संगीतकारांच्या गटाने दावा लावला. काही गाणी मुख्यतः आमची आहेत आणि इतर अनेकांत आमचा मोठा वाटा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. २००१ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. ५० लाख डॉलर दिल्याच्या बातम्या आल्या. कोर्टाने निकाल दिलाच नाही. त्यामुळे ‘कोर्टात सिद्ध झालं’ हे विधान सरळ खोटं आहे.

त्या चौघांना वेष्टनावर पुरेसं श्रेय मिळायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. तो अल्बम न्यूयॉर्कच्या चुंग किंग स्टुडिओत आणि जमैकातल्या किंग्स्टनला बॉब मार्लीच्या टफ गाँग स्टुडिओत अनेक हातांनी उभा राहिला. ‘टू झायन’मध्ये कार्लोस सँटानाची गिटार आहे. ‘एव्हरीथिंग इज एव्हरीथिंग’चा पियानो कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने वाजवलाय, जो पुढे जॉन लेजंड म्हणून जगाला माहीत झाला. गाण्यांच्या मधल्या वर्गातल्या गप्पा घेणारा शिक्षक म्हणजे रास बराका, जे २०१४ मध्ये न्यूअर्कचे महापौर झाले. पण अनेकांनी वाजवलं म्हणजे तिने लिहिलं नाही, ही उडी कशी घेता?

याच काळात तिने दुसऱ्यांसाठी काय लिहिलं ते पाहा. अरीथा फ्रँकलिनचं ‘अ रोझ इज स्टिल अ रोझ’ १९९८ च्या सुरुवातीचं, म्हणजे ‘मिसएज्युकेशन’च्याही आधीचं. लेखन आणि निर्मिती हिलची. अरीथासारख्या गायिकेने पंचविशीही न गाठलेल्या मुलीच्या हाती आपलं गाणं सोपवलं होतं. १९९९ मध्ये मेरी जे. ब्लाइजचं ‘ऑल दॅट आय कॅन से’ आलं. तेही लेखन-निर्मिती हिलची. त्याआधीच्या फ्यूजीज या तिच्या हिप-हॉप गटातल्या ओळी आठवा. ‘रेडी ऑर नॉट’मध्ये शब्द तालाच्या मागे-पुढे खेळवण्याची जी ढब आहे, तीच ‘मिसएज्युकेशन’मधल्या ‘लॉस्ट वन्स’मध्ये आहे. लिहिणारी व्यक्ती बदलली असती तर ही सलगता आली नसती. आणि फेब्रुवारी १९९९ च्या ग्रॅमी सोहळ्यात एका रात्रीत पाच पुरस्कार घेणारी ती पहिली स्त्री ठरली. ‘अल्बम ऑफ द इयर’ हिप-हॉपच्या वाट्याला पहिल्यांदा आला तो तेव्हाच. यशात वाटा सांगायला लोक नेहमीच पुढे येतात. काहींचा वाटा खरा असतो, पण तेवढ्याने मूळ मालकी जात नाही.

आता ‘डोकं फिरलं’. पुरावा म्हणून जुलै २००१ ला ध्वनिमुद्रित झालेला ‘एमटीव्ही अनप्लग्ड नंबर २.०’ हा मैफलीचा अल्बम दाखवतात. एक गिटार, किंचित बसलेला आवाज, बहुतेक नवी गाणी, मध्येच रडू, मध्येच लांबलचक बोलणं. अनेक समीक्षकांनी झोडपलं. मला तो अल्बम कधीकधी दमवतो, पण त्यात वेड दिसत नाही. प्रसिद्धीच्या शिखरावरची बाई नटणं-मुरडणं नाकारून जे सलतंय ते गातेय, एवढंच दिसतं. त्यातल्याच ‘मिस्ट्री ऑफ इनिक्विटी’च्या ओळींवर रॅपर कान्ये वेस्टचं ‘ऑल फॉल्स डाउन’ उभं आहे.

दुसरा पुरावा डिसेंबर २००३ चा. व्हॅटिकनच्या नाताळच्या मैफलीत, चर्चचे बडे अधिकारी समोर बसलेले असताना, तिने धर्मगुरूंकडून झालेल्या मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल चर्चला पश्चात्ताप करायला सांगितलं. तेव्हा तिला मूर्खात काढलं गेलं. २०१९ मध्ये याच विषयावर पोपना व्हॅटिकनमध्येच परिषद बोलवावी लागली. ज्या बोलण्याला वेड म्हटलं गेलं, ते वेळेच्या आधीचं आणि खरं होतं.

कर आणि तुरुंग हे खरं आहे. २००५ ते २००७ च्या सुमारे १८ लाख डॉलर उत्पन्नाची विवरणपत्रं तिने भरली नाहीत, गुन्हा कबूल केला आणि २०१३ मध्ये कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या तुरुंगात तीन महिने काढले. शिक्षा भोगून झाली. मैफलींना तासन्‌तास उशिरा येणं हेही खरं, आणि पैसे मोजून ताटकळणाऱ्या श्रोत्यांवर तो अन्याय आहे. यावर तिची बाजू मी घेणार नाही.

राहिला ‘एकच अल्बम’. स्टुडिओत केलेला एकल अल्बम एकच, कबूल. पण मग ‘द स्कोअर’ कुणाचा? १९९६ च्या त्या अल्बमचे दोन ग्रॅमी फ्यूजीजचे, आणि ‘किलिंग मी सॉफ्टली’तला आवाज हिलचाच. दुसरा अल्बम का नाही, हे २०२१ मध्ये तिने स्वतः सांगितलं: पुढचा अल्बम करायला आम्ही काय मदत करू, असं विचारणारा एकही फोन कंपनीकडून कधी आला नाही. करोडो कमावून दिलेल्या कलावतीबद्दल हे ऐकून मला चीड येते. सहा मुलांच्या या आईला जग फक्त ‘पुढचं कधी?’ विचारत राहिलं.

आणि संपली म्हणता? २०१८ मध्ये ड्रेकचं ‘नाइस फॉर व्हॉट’ आणि कार्डी बीचं ‘बी केअरफुल’ अवघ्या काही दिवसांच्या अंतराने आली. दोन्हींच्या मुळाशी ‘मिसएज्युकेशन’मधलं ‘एक्स-फॅक्टर’. ऑगस्ट २०२१ मध्ये रॅपर नासच्या ‘नोबडी’त ती रॅप करायला परतली, वयाच्या ४६ व्या वर्षी. तिचं ते कडवं सलग एकदा ऐका आणि मग म्हणा, संपली.