‘फुकटचा कन्व्हर्टर घेऊ नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मावसभावाने, म्हणजे दादाने, परवा रात्री एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, “हे वाच आणि सांग, कुठला विकत घेऊ?” मेसेज तुमच्याकडेही फिरत आला असेल. वर लाल इशाऱ्याची खूण, मध्ये सहा मुद्दे, शेवटी ‘सर्वांपर्यंत पोहोचवा’. सांगणं थोडक्यात असं: संगणकावर ऑडिओ-व्हिडिओ फाईल एका प्रकारातून दुसऱ्यात बदलायची असेल तर फुकटचं सॉफ्टवेअर घेऊ नका. त्यात व्हायरस असतो, एफबीआयनेच सांगितलंय. फुकटच्याने क्वालिटी जाते. एमपी३ बनवायला परवाना लागतो, तो फुकटवाल्यांकडे नसतो. विकतचा कन्व्हर्टर १२८ची फाईल ३२०ची करून आवाज सुधारतो. फुकटातलं जे चांगलं आहे ते चालवायला कोडिंग यावं लागतं. आणि पैसे घालवायचे नसतीलच, तर फाईलच्या नावाचं शेपूट बदला, काम होऊन जातं.

दादाची अडचण साधी होती. मित्राने कॅमेऱ्यावर काढून दिलेला व्हिडिओ टीव्हीवर लावला की चित्र दिसायचं, आवाज यायचा नाही. त्याच्या फाईलकडे शेवटी येतो. आधी मेसेजचे मुद्दे.

‘फुकटच्या कन्व्हर्टरमध्ये व्हायरस असतो, एफबीआयने सांगितलंय.’

एफबीआयने इशारा दिला होता, हे खरं आहे. मार्च २०२५मध्ये त्यांच्या डेन्व्हर कार्यालयाने तो काढला. पण त्याचा रोख ऑनलाइन कन्व्हर्टरांवर होता: एका प्रकारची फाईल दुसऱ्यात बदलून देतो म्हणणाऱ्या वेबसाइट, आणि एमपी३ किंवा एमपी४ उतरवून देतो म्हणणारी साधनं. यातली काही साधनं सांगितलेलं काम करूनही देतात, पण परत मिळणाऱ्या फाईलबरोबर घातक प्रोग्राम येऊ शकतो, आणि तुम्ही चढवलेल्या फाईलमधली खाजगी माहितीही उपसली जाऊ शकते, असं त्यांचं म्हणणं होतं. मेसेज लिहिणाऱ्याने यातलं ‘फुकट’ तेवढं उचललं आणि ‘ऑनलाइन’ गाळलं.

आपल्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत आणि ते वेगळे ठेवले तर निम्मा गोंधळ मिटतो. फुकट आणि मुक्त. फुकट म्हणजे पैसे मागत नाही, बस्स. का मागत नाही, हे तुम्हाला कळत नाही. मुक्त सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांसमोर असतो, कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो, आणि परवान्यात तसं लिहिलेलं असतं. व्हिडिओ लावायचा व्हीएलसी, व्हिडिओ बदलायचा हँडब्रेक, आवाज कापायची-जोडायची ऑडॅसिटी, आणि फाईली बदलणारं एफएफएमपेग, ही सगळी दुसऱ्या प्रकारची.

पहिल्या प्रकाराचा प्रसाद मीही घेतलाय. बऱ्याच वर्षांपूर्वी ‘फ्री व्हिडिओ कन्व्हर्टर’ असं शोधलं आणि पहिल्याच दुव्यावर टिचकी मारली. ती जाहिरात होती. पानावर डाउनलोडची तीन हिरवी बटणं, त्यातली दोन भलत्याच गोष्टींची. इन्स्टॉल करताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत गेलो. मधल्या एका पानावर आधीच टिक केलेले चौकोन होते, ते बघितलेच नाहीत. शेवटी ब्राउझरचं पहिलं पान बदललं, वर एक टूलबार येऊन बसला, आणि कन्व्हर्टरने तीन मिनिटांचा व्हिडिओ बदलून पुढच्यासाठी पैसे मागितले. म्हणजे ते फुकटही नव्हतं.

तेव्हा प्रश्न कुठून घेतलं हा आहे. प्रकल्पाच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, शोधयंत्राच्या जाहिरातीतून नको, आणि ‘सगळी सॉफ्टवेअरं एकाच जागी’ देणाऱ्या साइटवरून तर नकोच.

इथे एक गोष्ट लपवली तर माझंही उत्तर त्या मेसेजच्याच पंक्तीला जाऊन बसेल. मे २०१७मध्ये हँडब्रेकच्या दोन डाउनलोड सर्व्हरांपैकी एकात कोणीतरी शिरलं आणि मॅकसाठीच्या फाईलच्या जागी ‘प्रोटॉन’ नावाचा ट्रोजन, म्हणजे वरून साधा दिसणारा घातक प्रोग्राम, असलेली फाईल ठेवली. २ ते ६ मेदरम्यान मॅकसाठी ज्यांनी ती उतरवली, त्यांच्यातल्या साधारण निम्म्यांना धोका होता. तोही खुद्द प्रकल्पाच्याच सर्व्हरवरून. फरक पडला तो पुढच्या वागण्यात: प्रकल्पाने ६ तारखेला स्वतःच जाहीर केलं, चुकीच्या फाईलचा चेकसम दिला आणि ती कशी ओळखायची, कशी काढायची ते लिहिलं. चेकसम म्हणजे फाईलचा बोटाचा ठसा. आत एक अक्षर बदललं तरी आकडा पूर्ण वेगळा येतो. विंडोजमध्ये तो काढायला सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीपासूनच असते; आलेला आकडा प्रकल्पाने दिलेल्या आकड्याशी जुळतो का ते बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि खरं सांगायचं तर मीही ते दर वेळी करत नाही.

‘फुकटच्याने क्वालिटी जाते.’

एफएफएमपेग फाब्रीस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २०००मध्ये सुरू केलं. व्हीएलसी आणि हँडब्रेकच्या पोटात त्याचा कोड आहे. आणि पैसे देऊन मिळणाऱ्या कित्येक कन्व्हर्टरांच्या पोटातही तोच आहे. परवान्याच्या अटी पाळल्या तर त्यात गैर काही नाही. पण अटी न पाळता वापरणारे इतके निघाले की प्रकल्पाने एके काळी त्यांची ‘हॉल ऑफ शेम’ नावाची यादीच ठेवली होती. १८ फेब्रुवारी २०२१ला पर्सिव्हरन्स रोव्हर मंगळावर उतरला, तेव्हा नासाच्या या रोव्हरच्या उतरण्याचं चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यांच्या यंत्रणेत एफएफएमपेग होतं. मंगळावर चाललेलं साधन आपल्या टीव्हीसाठी हलकं ठरवायचं, तर कारणही तसंच दमदार पाहिजे.

मग क्वालिटी जाते ती कुठे? जाते, हे लोकांचं निरीक्षण खोटं नाही. जाते ती प्रत्येक पुनर्संकेतनात, म्हणजे फाईल उलगडून पुन्हा दाबण्यात, मग सॉफ्टवेअर कितीही महागाचं असो. एच.२६४ किंवा एमपी३सारख्या पद्धती फाईल लहान करताना काही माहिती कायमची टाकून देतात. ती फाईल उलगडून पुन्हा तशीच दाबली की आणखी थोडी जाते. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं.

आणि गंमत अशी, की बऱ्याच वेळा दाबायची गरजच नसते. एमकेव्ही, एमपी४, एव्हीआय, एमओव्ही ही पाकिटांची नावं आहेत. आतलं पत्र वेगळं: चित्र बहुधा एच.२६४ किंवा एच.२६५मध्ये, आवाज एएसी, एसी३ किंवा पीसीएममध्ये. एखाद्या यंत्राला पत्र वाचता येतं, फक्त पाकीट ओळखीचं नसतं. तेव्हा पत्र तसंच ठेवून पाकीट बदलायचं. एफएफएमपेगमध्ये याला ‘कॉपी’ म्हणतात. दोन तासांचा व्हिडिओसुद्धा काही सेकंदांत होतो, कारण चित्राच्या एकाही कणाला हात लागत नाही. डिस्कला फाईल वाचून लिहायला लागेल तेवढाच वेळ. तेच काम पुन्हा दाबून केलं तर संगणकाचा पंखा तासभर घोंघावतो आणि हाती आधीपेक्षा किंचित वाईट फाईल येते. हँडब्रेक चांगलाच आहे, पण तो चित्र नेहमी पुन्हा दाबतो, पाकीट बदलून देत नाही. हे माहीत नसल्याने लोक त्याच्यावर चिडतात.

पुन्हा दाबणं भागच असेल तर हँडब्रेकमधला आरएफ नावाचा सरकता आकडा बघा. आकडा जितका कमी तितकी क्वालिटी जास्त आणि फाईल मोठी. १०८०पीच्या व्हिडिओसाठी २० ते २४ ही त्यांच्याच मार्गदर्शिकेतली शिफारस आहे. ‘क्वालिटी गेली’ म्हणणाऱ्यांच्या फाईली मी पाहतो, तेव्हा बहुतेकदा कोणीतरी ‘लहान फाईल’ असा तयार पर्याय निवडलेला असतो.

‘एमपी३ला परवाना लागतो.’

लागायचा. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेची एमपी३वरची पेटंटं संपत आली आणि तो परवाना-कार्यक्रम २३ एप्रिल २०१७ला बंद झाला. त्याआधी ऑडॅसिटीत एमपी३ काढायला ‘लेम’ नावाची फाईल वेगळी आणून जोडावी लागे. आता ती सोबतच येते. एच.२६५ची पेटंटं अजून जिवंत आहेत, पण तो हिशेब यंत्रं आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचा असतो, घरचा व्हिडिओ बदलणाऱ्याकडे कोणी पावती मागत नाही.

‘१२८ची ३२०ची केली की आवाज सुधारतो.’

सहांतला हा मुद्दा मला सगळ्यात खटकला, कारण यावर लोक पैसे मोजतात. १२८ आणि ३२० म्हणजे सेकंदाला किती किलोबिट खर्च केले तो आकडा. चार मिनिटांचं गाणं १२८मध्ये साधारण ३.८ एमबी होतं, ३२०मध्ये ९.६. पण १२८ची फाईल करताना जे टाकून दिलं ते त्या फाईलमध्ये नाहीच. ३२० केल्यावर आधी उरलेलंच मोठ्या जागेत ठेवलं जातं, वर पुन्हा दाबल्याचा बारीक तोटा.

विश्वास ठेवू नका, डोळ्यांनी बघा. ऑडॅसिटीत १२८ची एमपी३ उघडा, ट्रॅकच्या मेनूतून ‘स्पेक्ट्रोग्राम’ निवडा. खाली जाड आवाज, वर बारीक, असा रंगीत पट्टा दिसतो आणि बहुतेक वेळा १६-१७ हजार हर्ट्झच्या आसपास तो सुरीने कापावा तसा संपतो. वर काळोख. (वरचा भाग दिसत नसेल तर स्पेक्ट्रोग्रामच्या सेटिंगमध्ये कमाल वारंवारिता २०,०००पर्यंत वाढवा.) आता तीच फाईल ३२० करून पुन्हा उघडा. रेघ तिथेच असते. मूळ सीडी हाताशी असेल तर मात्र तिच्यावरून नव्याने काढा, आणि जमलं तर फ्लॅकमध्ये, कारण त्यात काहीच टाकून दिलं जात नाही.

‘कोडिंग यावं लागतं.’

एफएफएमपेग काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून चालवतात, हे खरं. त्याला कोडिंग म्हणणं म्हणजे दिव्याचं बटण दाबण्याला वायरिंग म्हणणं. तरी टाइप करायचंच नसेल तर नका करू. व्हिडिओ लहान करायला हँडब्रेक. गाणी आणि सीडीसाठी फ्रीॲक. रेकॉर्डिंग कापून एमपी३ काढायला ऑडॅसिटी. पाकीट बदलायला किंवा फक्त आवाज बदलायला एव्हिडेमक्स. व्हीएलसीतही ‘मीडिया’ मेनूत ‘कन्व्हर्ट/सेव्ह’ आहे, पण माझं मत विचाराल तर तो घाईच्या वेळेपुरता. पर्याय आडबाजूला दडवलेत आणि एखादी खूण चुकली की मुकी फाईल हातात येते. बघायला व्हीएलसी, बदलायला दुसरं काहीतरी.

‘नावाचं शेपूट बदला.’

म्हणजे पाकिटावर वेगळं नाव लिहा. आतलं पत्र राहू दे, पाकीटही तेच. व्हीएलसीसारखे हुशार प्लेअर नावाकडे दुर्लक्ष करून आत डोकावतात, म्हणून फाईल चालते आणि लोकांना वाटतं बदल झाला. टीव्हीला ती पूर्वीइतकीच कळत नाही.

आता दादाची फाईल. मीडियाइन्फो नावाचं छोटं मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यात फाईल टाकली की पाकीट, चित्र, आवाज यांची कुंडली मांडून देतं. दादाची निघाली अशी: पाकीट एमओव्ही, चित्र एच.२६४, १०८०पी. आवाज पीसीएम, १५३६ केबीपीएस. कॅमेऱ्याने आवाज अजिबात न दाबता, जसाच्या तसा ठेवला होता. चित्र टीव्हीला वाचता येत होतं, या पाकिटातला हा आवाज येत नव्हता. म्हणजे बदलायची होती ती आवाजाचीच पट्टी.

फोनवरूनच सांगितलं. एव्हिडेमक्समध्ये फाईल उघड. डावीकडे तीन ठिकाणी निवड आहे. वरच्या व्हिडिओच्या जागी ‘कॉपी’ राहू दे. मधल्या ऑडिओच्या जागी एएसी. खालच्या जागी ‘एमपी४ मक्सर’. सेव्ह कर, नाव देताना शेवटी एमपी४ लिही.

“झालं पण,” दादा म्हणाला. वीस मिनिटांचा व्हिडिओ होता, मिनिटही लागलं नव्हतं. “इतक्या लवकर? काहीतरी राहिलंय बघ.”

“टीव्हीवर लाव.”

पलीकडून आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पेनड्राइव्हची शोधाशोध, मग व्हिडिओतल्या माणसांचं बोलणं थेट फोनमधून ऐकू आलं. पाच मिनिटांनी त्याचा मेसेज: “मूळ फाईल उडवून टाकू ना? जागा खातेय.”

नको म्हटलं. न दाबलेला आवाज फक्त त्याच फाईलमध्ये आहे.