स्पेनची प्रगती कशाच्या बळावर झाली? एका आक्षेपाला उत्तर

आपला आक्षेप असा आहे की, 1999 ते 2007 या काळात स्पेनचे दरडोई उत्पन्न युरोपातील श्रीमंत देशांच्या जवळ सरकले असताना युरो या सामायिक चलनामुळे दक्षिण युरोपातील देशांची प्रगती पोकळ राहिली असे मी म्हणणे पूर्वग्रहाचे आहे, बांधकामातला रोजगार हाही रोजगारच असतो आणि युरो स्वीकारूनही पुढे गेलेल्या स्लोव्हाकियाचे उदाहरण माझे म्हणणे खोडून काढते.

उत्पन्न जवळ आले हे मला मान्यच आहे, पण ते कशामुळे आले हे पाहायला हवे. त्या वर्षांत स्पेनमध्ये स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरीत आल्या आणि लॅटिन अमेरिका, मोरोक्को व रुमानिया येथून लाखो स्थलांतरित आले. श्रम आणि भांडवल यांची एकत्रित उत्पादकता मात्र वाढण्याऐवजी किंचित घसरली. दहा वर्षे मुदतीच्या सरकारी रोख्यांवरील व्याज 1995 मध्ये 11 टक्क्यांच्या आसपास होते, ते युरो येईपर्यंत 5 टक्क्यांखाली उतरले आणि हे स्वस्त कर्ज मुख्यतः घरबांधणीत गेले. 2007 च्या सुमारास दर आठ कामगारांपैकी एक बांधकामावर होता. घरे निर्यात करता येत नाहीत, त्यामुळे आयातीची वाढती बिले परदेशी कर्जातूनच भागवली जात होती. त्याहून गंभीर बाब म्हणजे बांधकामावर चांगली मजुरी मिळते म्हणून असंख्य मुलांनी शिक्षण अर्ध्यावर सोडले, आणि बांधकामे थांबल्यावर दुसऱ्या उद्योगात उपयोगी पडेल असे कौशल्य त्यांच्यापाशी नव्हते. 2007 मध्ये 8 टक्क्यांच्या आसपास असलेली बेरोजगारी 2013 मध्ये 26 टक्क्यांवर गेली. 1992 ते 1995 दरम्यान पेसेटा या आपल्या जुन्या चलनाचे चार वेळा अवमूल्यन करून स्पेनने आपला माल परदेशात स्वस्त केला होता. युरोत तो मार्ग बंद असल्याने या वेळी भार वेतनावर आणि नोकऱ्यांवर पडला. मजुराच्या घरापुरते आपले ‘रोजगार तो रोजगारच’ हे म्हणणे खरे आहे, परंतु दोन देशांमधील दरी कायमची बुजण्यासाठी ते पुरेसे नाही.

स्लोव्हाकियाचे उदाहरण तर, माझ्या मते, माझ्याच बाजूचे आहे. फोक्सवॅगन ब्रातिस्लाव्हात 1991 मध्ये आली, कियाचा झिलिनातील आणि प्यूजो-सित्रोएनचा त्रनावातील कारखाना 2006 मध्ये सुरू झाला, आणि युरो आला 2009 मध्ये. निर्यातक्षम कारखान्यांतला रोजगार तिथे चलनाच्या आधी उभा राहिला होता. उलट युरो आल्यानंतरच्या दशकात त्या देशाचा श्रीमंत देशांच्या जवळ सरकण्याचा वेग मंदावला.

आपण लिथुआनियाचे नाव घेतले असते तर मी अधिक अडचणीत आलो असतो. 2015 मध्ये युरो स्वीकारल्यानंतरही तो देश पुढे सरकत राहिला आणि तिथे निर्यातीचे उद्योगही वाढले. मात्र 2004 मध्ये युरोपीय संघात गेल्यानंतरच्या दीड दशकात त्याची लोकसंख्या सुमारे 34 लाखांवरून 28 लाखांवर आली, तेव्हा त्याच्या दरडोई आकड्यांत भाजक, म्हणजे लोकसंख्या, लहान झाल्याचा वाटा किती, हे वेगळे काढल्याशिवाय त्याचे श्रेय युरोला देण्यास मी तयार नाही.