किटलीतली साखर आणि सोसायटीचा गणपती

वजन वाढलं, साखर वाढली की आपण लगेच म्हणतो, 'तोंडावर ताबा नाही.' मला हे अन्यायाचं वाटतं. माणूस काय खातो ते बरंचसं त्याच्यासोबतचे चार जण आणि हाताशी काय मिळतं, यावर ठरतं.

दुपारी चारला पुण्यात हिंजवडीत किंवा बाणेरला कुठल्याही टपरीवर बघा. चहात साखर उकळतानाच पडलेली असते. म्हणजे 'मला कमी गोड' म्हणायची सोयच उरत नाही. कपामागे दोन चमचे, म्हणजे साधारण 10 ग्रॅम साखर धरली, तर दिवसाचे चार कप म्हणजे 40 ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेची 2024 ची शिफारस दिवसभरात 20 ते 25 ग्रॅमची आहे, तीही सगळ्या पदार्थांतली मिळून. शिवाय पाच जण निघाले की सहावा 'नको' म्हणत नाही, कारण तिथे चहापेक्षा गप्पा महत्त्वाच्या असतात आणि त्या असायलाच हव्यात. म्हणून गप्पा तशाच ठेवून किटली बदलावी. ऑफिसात चहा येत असेल तर बिनसाखरेचा मागवा आणि साखर बाजूला ठेवा. ते जमत नसेल तर दर पंधरा दिवसांनी साखर थोडीथोडी कमी करायला सांगा. एकदम अर्धी केली की तक्रारी येतात आणि तिसऱ्या दिवशी पहिलं प्रमाण परत येतं.

सोबतीचा परिणाम किती, यावर अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमचा अभ्यास प्रसिद्ध आहे. क्रिस्टाकिस आणि फाउलर यांनी 12,067 लोकांची 32 वर्षांची माहिती तपासून तो 2007 मध्ये मांडला. मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ होण्याची शक्यता 57 टक्क्यांनी वाढलेली दिसली, जोडीदाराच्या बाबतीत 37 टक्क्यांनी. शेजाऱ्याचा मात्र परिणाम दिसला नाही. यावर आक्षेपही आले: मित्र एकाच वातावरणात राहतात, एकमेकांसारखेच असतात, मग मैत्रीचा वाटा वेगळा कसा काढणार? आक्षेप रास्त आहे. पण मैत्री असो की परिसर, उपाय एकट्याच्या ताटात सापडत नाही, एवढं दोन्ही बाजूंनी निघतंच.

पुण्यात आणखी एक घोळ होतो. गटात जो सडपातळ, त्याला सगळे आग्रह करतात, 'तुला काय होतंय!' पुण्याच्याच केईएम रुग्णालयातले मधुमेहाचे संशोधक डॉ. याज्ञिक यांच्या कामातून उलटं चित्र पुढे आलं: आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या शरीरातही चरबी जास्त असू शकते. म्हणून वजनकाट्यासोबत टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता घेर मोजा. पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटीमीटरच्या वर गेलं तर रक्तातली साखर तपासून घ्या.

आता सोसायटीचा गणपती. प्रसादाला माझी अजिबात हरकत नाही. चमचाभर खिरापतीने किंवा एका मोदकाने कुणाचं बिघडत नाही. बिघडतं ते आरतीनंतरच्या नाश्त्याने. पहिल्या दिवशी एक घर इडली देतं, दुसरं पावभाजी, आणि पाचव्या दिवसापर्यंत वडे, जिलबी, आइस्क्रीम सगळं एकाच टेबलावर. कुणाचा हेतू वाईट नसतो, पण आदल्या घरापेक्षा कमी कसं द्यायचं, हा प्रश्न प्रत्येक घराला पडतो.

मटकीची उसळ इथे उत्तम चालते. शंभर जणांना 4 किलो कोरडी मटकी पुरते, मोड आल्यावर ती दुपटीहून थोडी जास्त भरते. तेल अर्धा लिटर, मीठ 100 ते 120 ग्रॅम. रविवारी सकाळी हवी असेल तर शुक्रवारी रात्री भिजवा, शनिवारी सकाळी पाणी पूर्ण निथळून बांधा. बहुतेक जण शनिवारी रात्री भिजवतात, मग मटकी नुसती फुगते आणि मोडांऐवजी दाणेच वाढले जातात. दुसरी चूक म्हणजे चारही किलो एकाच गाठोड्यात बांधणं. मध्यभागी ऊब साठते, आणि भाद्रपदाच्या दमट हवेत सकाळी आंबूस वास येतो. चार गाठोडी करा, जाळीवर ठेवा, दुपारी एकदा मोकळी करून परत बांधा. चिकट झालेली सरळ टाकून द्या.

टेबलावर उसळ आणि काकडी आधी, तळण शेवटी. रांगेत पहिलं येतं ते ताटात जास्त पडतं. एकच मुख्य पदार्थ आणि एक फळ, असा नियम सगळ्या घरांना सारखा लावा, म्हणजे कुणाला कमीपणा वाटत नाही. आणि तो वर्गणी ठरवायच्या मीटिंगमध्येच लिहून घ्या. आचाऱ्याला आगाऊ रक्कम गेली की मेनू बदलत नाही.