दहा फटींची पट्टी

जमिनीतून वस्तू काढायला दहा मिनिटं पुरतात. यंत्र ओरडतं, आपण गुडघे टेकतो, खुरप्याने वीतभर माती उकरतो आणि काहीतरी हाताला लागतं. साडेसाती सुरू होते ती त्यानंतर. वर आलेल्या वस्तूवर नाव लिहिलेलं नसतं, आणि ती रुमालात गुंडाळून घरात शिरलं की दारातच विचारणा होते, "हे काय आणलंत आता?" प्रश्न रास्त असतो. मलाही तोच पडलेला असतो.

मेटल डिटेक्टर घेतला तेव्हा घरी मी "इतिहासाची आवड" असं कारण दिलं होतं. डोळ्यांसमोर मोहरा होत्या. यंत्राचं तत्त्व तसं सोपं आहे. खालच्या तबकडीत तारेचं वेटोळं असतं, त्यातून उलटसुलट वीज खेळते, तिच्यामुळे चुंबकीय क्षेत्र हलतं, आणि ते मातीतल्या धातूवरून गेलं की त्या धातूतही बारीकसा प्रवाह उठतो. तो वेटोळ्याला जाणवतो आणि यंत्र बोंब मारतं. सरावासाठी आठवडाभर मी ते घरातच फिरवलं. ते कपाटाच्या कडीवर ओरडलं, लादीखालच्या नळावर ओरडलं, माझ्या पट्ट्याच्या बकलावर ओरडलं, आणि बायकोच्या केसांतल्या पिनांवर तर चढत्या सुरात ओरडलं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "अहो, ह्याचा आवाज बंद नाही का होत?"

"आवाज बंद केला तर कळणार कसं?"

"पण कळायचंय काय?"

यंत्राला हेडफोन लावता येतात हे मला तेव्हाही माहीत होतं. पण हेडफोन लावून फिरलं की आपण काही विशेष करतोय असं कुणाला वाटत नाही.

शिवाय ह्या यंत्रापायी भल्याभल्यांची फजिती झालेली आहे. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यातली एक शरीरात कुठे रुतून बसलीय ते डॉक्टरांना सापडेना. तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल धातू शोधायचं आपलं यंत्र घेऊन धावले. पण गादीत पोलादी स्प्रिंगा, त्यामुळे यंत्र भलतीकडेच गुणगुणायला लागलं. त्यात मुख्य डॉक्टरांचं ठाम मत, की गोळी उजवीकडेच आहे, तेव्हा शोधायचं ते उजवीकडेच. सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष वारले आणि गोळी निघाली डावीकडे. ही हकीकत मी घरी मोठ्या रंगात येऊन सांगितली. बायकोने ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या बेलच्या बायकोचं काय म्हणणं होतं?"

घरातला सराव त्या दिवशी आटोपला.

एका मित्राचं घराणं शंभराहून जास्त वर्षं एकाच घरात राहतंय. त्याचं अंगण आणि परसू खणायची परवानगी मी मागितली, आणि मित्र असला तरी ती कागदावर घेतली. संरक्षित वास्तूच्या आवारात असलं यंत्र नेणं म्हणजे इतिहासापेक्षा पोलिसांशी जास्त ओळख वाढवणं, त्यामुळे खाजगी परसूच बरं. मित्राच्या अटी दोनच. खड्डे बुजवायचे, आणि सोनं निघालं तर सांगायचं. पहिली अट मी काटेकोरपणे पाळली. दुसरी पाळायची वेळ अजून यायची आहे.

पहिल्या दिवशी ६३ वस्तू निघाल्या. त्यांतले ५८ खिळे.

जुन्या घराभोवती खिळ्यांचं पीक असतं. छपरं बदलतात, दारं मोडतात, खोकी जळतात, आणि लाकूड गेलं तरी खिळा मागे उरतो. मी हार मानली नाही, कारण खिळ्यांनाही घराणी असतात हे मी वाचलं होतं. लोहाराने हाताने घडवलेला खिळा चौकोनी असतो, चारी अंगांनी निमुळता होत जातो आणि त्याच्या डोक्यावर हातोड्याच्या खुणा असतात. अठराव्या शतकाच्या शेवटाला पत्र्यातून खिळे कापणारी यंत्रं आली; त्यांचा खिळा दोन अंगांनी निमुळता आणि दोन अंगांनी सरळ. तारेपासून बनवलेला गोल खिळा, म्हणजे आपण भिंतीवर कॅलेंडर टांगायला ठोकतो तो, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सगळ्यांना पुरून उरला. मी ओसरीवर तीन ढीग लावून मित्राला हे सगळं समजावलं. तो शांतपणे ऐकत होता.

"म्हणजे हे खिळे आहेत," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"मला वाटलंच."

धातू ओळखण्यात मात्र मी हळूहळू तयार झालो. लाल पोपडे सुटले की लोखंड. हिरवं कळकलेलं असलं की तांबं किंवा पितळ. पांढुरकं, मऊ, आणि हातात घेतल्यावर "अरे, एवढुसं असून केवढं जड!" असं वाटलं की शिसं. चांदी काळी पडते. सोनं जसं पुरलं तसं झळझळीत बाहेर येतं. हे शेवटचं ऐकीव आहे. माझ्या अनुभवात सोन्यासारखा सूर निघतो तो अॅल्युमिनियमच्या कड्यांवर. शीतपेयाच्या डब्याचं झाकण ओढून काढायची ती युक्ती १९६० च्या दशकात अर्मल फ्रेझ नावाच्या अमेरिकन माणसाने काढली, आणि लोकांनी त्या कड्या ओढून काढून जिथे बसले होते तिथेच टाकल्या. सोन्याच्या अंगठीत आणि त्या कडीत यंत्राला फारसा फरक कळत नाही. माझ्याकडे अशा ३१ अंगठ्या जमल्या आहेत. मित्राला अर्थात मी त्या दाखवल्या. सोन्याची अट तशी मोघमच होती.

बटणाबद्दल मी खरं तर बोलणार नव्हतो. पितळेचं होतं, त्यावर कधीकाळी सोन्याचा मुलामा असावा, आणि पाठीवर गोलाकार बारीक अक्षरं होती. जुन्या बटणांच्या पाठीवर पुष्कळदा कारखान्याचं नाव असतं, आणि त्यावरून बटण कोणत्या काळातलं ते ठरवता येतं. अक्षरं नीट दिसावीत म्हणून मी ती दातांच्या जुन्या ब्रशने घासली. थोडी दिसली, म्हणून आणखी घासली. मग भांड्यांची पावडर घेतली. मातीतून आलेली वस्तू घासायची नसते, तिच्यावरचा थर हाच तिचा पुरावा असतो, हे मी नंतर वाचलं. आता ती एक सुंदर, दोन्हीकडून गुळगुळीत चकती आहे. बायकोच्या मते माझ्या सगळ्या संग्रहात बघण्यासारखी तेवढीच.

मग ती कोयरी निघाली. लोखंडाची, चपटी, कोयरीच्या आकाराची पट्टी, तिला कडेने भोकं. मी तिला पातं ठरवलं. कशाचं ते ठरत नव्हतं, पण घाव घालणारं काहीतरी, ह्याविषयी मनात शंका नव्हती. मखमलीच्या तुकड्यावर ठेवून मी ती शेजारच्या काकांना दाखवली. काकांनी चष्मासुद्धा काढला नाही.

"अहो, ही बैलाची पत्री."

घोड्याचा खूर अखंड, म्हणून त्याला एक नाल पुरतो. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून प्रत्येक पायाला दोन पत्र्या, एका बैलाला आठ. हे ऐकून माझा चेहरा पडायला हवा होता, पण मी म्हणालो, "म्हणजे आणखी सात असणार!" काका उठून गेले.

त्या दिवसापासून काकांना आपण ह्या शास्त्रातले अधिकारी आहोत असं वाटू लागलं, आणि पुढच्या प्रकरणात ते चांगलंच भोवलं.

प्रकरण असं. परसदाराच्या पायऱ्यांजवळ, खिडकीखाली, यंत्राने स्वच्छ, गोल, वर्षभरात कधी न ऐकलेला सूर लावला. निघाली एक पितळी पट्टी. लांबी सुमारे १० सेंटिमीटर, रुंदी दोन बोटं, हिरवीगार. तिच्यात ओळीने दहा अरुंद फटी. एका टोकाची फट सगळ्यांत लांब, मग क्रमाने आखूड होत होत शेवटची अगदी छोटी. प्रत्येक फटीच्या एका टोकाला मोहरीएवढा रिव्हेट. काम इतकं नेटकं, की हे कुणीतरी फार विचार करून बनवलंय हे उघड दिसत होतं. फक्त तो विचार काय होता ते कळत नव्हतं.

मित्र म्हणाला, घरात कुठेतरी चोरकप्पा असणार आणि ही त्याची किल्ली. मग दोन रविवार तो स्वतःच्याच भिंती ठोकत बसला. काका म्हणाले, तोफेचा भाग. तोफेचा कुठला भाग असं विचारल्यावर म्हणाले, "आतला." ऑफिसातल्या एकाने ते शस्त्रक्रियेचं हत्यार असल्याचं सांगितलं आणि ते कसं वापरत असतील ह्याचं इतकं तपशीलवार वर्णन केलं की मी त्याच्याशेजारी जेवायला बसणं सोडलं. नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. चौदा अंगठे आले आणि एका मावशींनी "अभिनंदन, असेच यश मिळत राहो" असं कळवलं. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की पट्टी समोर धरली की प्रत्येकजण स्वतःला जे हवं असतं तेच तिच्यात बघतो. मित्राला पैसा हवा होता, काकांना पराक्रम हवा होता. ऑफिसातल्या त्या माणसाला काय हवं होतं ह्याचा मी विचार करत नाही.

मी स्वतः शास्त्रीय मार्गाने चाललो होतो. चुंबक लावून पाहिलं, चिकटत नव्हतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं, त्यावरून दिवसभर अबोला झाला. प्रत्येक फटीची लांबी मोजून तक्ता केला. दहा फटी, दहा बोटं, म्हणजे हे मोजणीचं साधन असावं, असा सिद्धांत मांडून त्यावर नऊ पानं लिहिली. मग तो कंदिलाचा झरोका असावा असं वाटलं आणि ती नऊ पानं फाडली. अकरा महिने ती पट्टी आमच्या जेवणाच्या टेबलावर होती. पाहुणे आले की बायको आधीच सांगायची, "त्याच्याबद्दल विचारू नका."

शेवटी झालं ते असं. मुलीने पट्टी उचलली. मी नेहमीप्रमाणे ओरडलो, "दोन्ही हातांनी धर!" तिने दोन्ही हातांनी, दोन्ही टोकांना धरली. फटीत धूळ दिसली म्हणून ती ओठांजवळ नेली आणि फुंकर मारली.

"तोंडाला लावू नकोस ते!" बायको म्हणाली.

आणि मी मुलीकडे बघतच राहिलो. दोन्ही हात, कोपरं वर, ओठांसमोर आडवी पट्टी.

माउथ ऑर्गन.

त्याच्या पोटात अशा दोन पितळी पट्ट्या असतात, एक फुंकण्याच्या सुरांची, एक श्वास ओढण्याच्या सुरांची. प्रत्येक फटीवर पितळेची पातळ जीभ रिव्हेटने बसवलेली. लांब जिभेचा सूर खालचा, आखूड जिभेचा वरचा. दोन पट्ट्यांमधलं लाकूड मातीत कुजतं, बाहेरचा पत्रा गंजतो, जिभा झडतात आणि दहा फटींची पट्टी तेवढी उरते. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावात मथियास होनरने १८५७ मध्ये हा बाजा बनवायला सुरुवात केली आणि पुढे त्याच्या कारखान्याने तो जगभर पोचवला. जुन्या घरांभोवती यंत्र फिरवणाऱ्यांना ही पट्टी इतक्यांदा सापडते, की जाणकार ती बघितल्याबरोबर टोपलीत टाकतात. माझा अकरा महिन्यांचा एकमेवाद्वितीय अवशेष हा ह्या धंद्यातला बटाटा निघाला. काकांना सांगितलं तर म्हणाले, "लष्करातही वाजवत असतील की."

पण पट्ट्या दोन असतात. म्हणजे दुसरी तिथेच असणार. पुढच्या रविवारी मी पायऱ्यांभोवतीची जमीन चाळून काढली. काही नाही. चौथ्या रविवारी ती सापडली, परसाच्या पार टोकाला, कुंपणाच्या भिंतीच्या बुडाशी. मधोमध वाकलेली. पावलं मोजली, खिडकीपासून बावीस.

हे कोडं मला उलगडेना. एकाच वाद्याचे दोन भाग इतक्या लांब जातात कसे? पावसाच्या पाण्याने? उंदीर-घुशींनी? रात्री दोन्ही पट्ट्या टेबलावर ठेवून मी शक्यता मोठ्याने मोजत होतो, तेव्हा बायको भाजी निवडता निवडता थांबली. अकरा महिन्यांत प्रथमच तिने पट्टी आपण होऊन हातात घेतली.

"पहिली कुठे होती म्हणालात?"

"खिडकीखाली."

"आणि ही बावीस पावलांवर. वाकलेली."

"हो."

"फेकलाय तो," ती म्हणाली. "आधी खिडकीच्या चौकटीवर आपटला. तो फुटला, अर्धा खाली पडला. मग हातात उरला तो अर्धा भिरकावला. भिंतीवर जाऊन आदळला, म्हणून वाकला." तिने पट्टीवरून हलकेच बोट फिरवलं. "किती महिने ऐकलं असेल हो बिचारीने."

मी काय बोलणार? मोजमापं जुळत होती. माझ्या सगळ्या संग्रहातली एवढी एकच वस्तू अशी आहे, की ती काय आहे, कुठून आली आणि तिचं काय झालं, हे सगळं पुराव्यानिशी ठरलंय.

बायको उठली, कोपऱ्यात टेकवून ठेवलेलं माझं यंत्र तिने दांड्याला धरून उचललं आणि हातात जरा तोलून पाहिलं.

"ह्याचं वजन किती असेल?"

"दीड किलो. का?"

"काही नाही." तिने खिडकीकडे पाहिलं. "ह्याला हेडफोन मिळतात म्हणे."

खोक्यातच होते. प्लास्टिकची पिशवी दातांनी फाडून मी ते तिथल्या तिथे कानांवर चढवले.